किल्ली कोणाच्या कमरेला?

'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन निरनिराळे शब्द आपल्या मराठीत आहेत, याचे महत्त्व आपल्याला सहसा जाणवत नाही. इंग्रज माणसाची येथे मोठी पंचाईत होते. त्याच्या भाषेत दोहोंना मिळून 'फ्री' हा एकच शब्द. तुरुंगातून सुटलेला कैदीही फ्री आणि साबणाच्या वडीबरोबर मिळालेला चमचाही फ्री! गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या जगात 'फ्री सॉफ्टवेअर' या नावाची एक मोठी चळवळ झाली. आणि या एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे ती काय म्हणते आहे, हे पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनाही नीट कळले नाही. त्यांना वाटले, हा काही धर्मादाय वाटपाचा प्रकार असावा. फुकटाबद्दल तर आपले लोकमत दोन टोकांचे. एक पक्ष 'फुकट ते पौष्टिक' म्हणून तुटून पडतो. दुसरा पक्ष, ज्या अर्थी फुकट मिळते त्या अर्थी त्यात काही खोट असलीच पाहिजे, असे म्हणून दूर राहतो.

मी येथे जो इतिहास सांगणार आहे तो फुकटपणाचा नाही, किल्लीचा आहे. जुन्या वाड्यात कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला असे तिचे घरात चाले. धान्य कोणी पिकवले आणि पैसे कोणी मोजले, हे प्रश्न मागाहूनचे. आज घरोघरी संगणक आला आहे. मुलांचा अभ्यास, घरचा जमाखर्च, लग्नकार्यांच्या याद्या, आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, नातवंडांची छायाचित्रे, असे सर्व काही त्याच्या कोठीत जाऊन पडते. त्या कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. मी इतिहासाचा अभ्यासक. जुन्या कागदांवर माझे पोट आणि प्रेम दोन्ही. कागद उद्या कोणाला वाचता येईल की नाही, ही चिंता आमच्या जातीला जन्माचीच लागलेली. त्या चिंतेपोटीच मी या विषयात शिरलो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संगणकाला काम सांगणारी जी आज्ञावली, जिला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात, तिची दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे. त्याला मूळ संहिता म्हणू. दुसरे त्यावरून तयार झालेले, केवळ यंत्राला उमगणारे. चकलीचेच उदाहरण घ्या. दुकानातून आणलेली चकली कुरकुरीत असेल, खमंगही असेल. परंतु तिच्यात तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, धने-जिरे किती, हे चकली खाऊन नक्की सांगता येत नाही. शेजारच्या काकूंनी भाजणीचे प्रमाण कागदावर लिहून दिले की गोष्ट निराळी होते. मग घरात कोणाला तिखट सोसत नसेल तर ते कमी करता येते, आणि लेक सासरी निघाली की तोच कागद तिच्या डब्यातही ठेवता येतो. बाजारातली बहुतेक आज्ञावली ही विकतची चकली आहे. मुक्त आज्ञावली ही भाजणीच्या कागदासकट मिळालेली चकली आहे.

*

आज आपल्याला कुलूप ही स्वाभाविक गोष्ट वाटते आणि मोकळेपणा हे नवे खूळ वाटते. इतिहास नेमका उलटा आहे. संगणकाच्या पहिल्या पिढीत यंत्र एवढे अवाढव्य आणि महाग असे की बहुतेक संस्था ते भाड्याने घेत. आणि आज्ञावली ही बैलगाडीबरोबर येणाऱ्या वंगणासारखी त्याच्याबरोबरच येई. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरातील, आयबीएम कंपनीचे संगणक वापरणाऱ्या संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी 'शेअर' नावाचे मंडळ स्थापले. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने घ्यावी, तीत सुधारणा करावी आणि सुधारलेली पुन्हा मंडळात आणून ठेवावी, असा त्या मंडळाचा खाक्या होता. आपल्याकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक घडवून १९६० साली चालू करण्यात आला. त्याच्यासाठीही बाजारातून डब्यात बंद केलेली आज्ञावली विकत आणण्याचा प्रश्न नव्हता. ज्याला गणित सोडवून हवे असे तो आपली आज्ञावली आपणच लिही.

या मोकळ्या अंगणाला कुंपण पडले ते २३ जून १९६९ रोजी. त्या दिवशी आयबीएमने जाहीर केले की यापुढे यंत्राची किंमत निराळी आणि आज्ञावलीची निराळी. त्या वर्षाच्या जानेवारीतच अमेरिकेच्या सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला होता. त्याची सावली या निर्णयावर होती. या घोषणेने आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू झाली, आणि वस्तू झाली की तिच्या चोरीचीही गोष्ट निघतेच. १९७५ साली 'अल्टेअर' नावाचा, हौशी लोकांनी घरी जुळवायचा छोटा संगणक निघाला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी 'बेसिक' या भाषेची आज्ञावली लिहिली. हौशी मंडळींनी ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून नकलून एकमेकांत वाटली. तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घालून गेट्सने हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण चोर आहात, असा त्याचा रोख होता.

त्या पत्राची पुढे पुष्कळ टवाळी झाली. मला मात्र त्यात एक रास्त प्रश्न दिसतो. वर्षभर खपून जो माणूस चांगले काम करतो, त्याच्या पोटाचे काय? हा प्रश्न विसरून मुक्तपणाची स्तोत्रे गाणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पुढच्या इतिहासात या प्रश्नाला उत्तर मिळते. परंतु ते पूर्ण समाधानकारक आहे असे म्हणवत नाही. त्याकडे मी पुन्हा येईनच.

कायदाही हळूहळू कुंपणाच्या बाजूने उभा राहिला. १९८० साली अमेरिकेने आज्ञावलीला ग्रंथासारखे स्वामित्वाचे संरक्षण स्पष्ट शब्दांत दिले. आपल्याकडे ती दुरुस्ती १९८४ साली झाली. मूळ संहिता तिजोरीत आणि गिऱ्हाइकाच्या हाती केवळ यंत्ररूप, हीच रीत बनली. अवघ्या दहा-बारा वर्षांत वहिवाट पार पालटली.

*

याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक तरुण गृहस्थ काम करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक नवे छपाईयंत्र मिळाले. यंत्र उत्तम, पण त्यात कागद अडके. आधीच्या यंत्राच्या बाबतीत स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीतच फेरफार करून, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना तशी वर्दी जावी, अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र कंपनीने दिलीच नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील माणसाजवळ ती होती. ते त्याच्याकडे गेले, तर कोणालाही न देण्याचे वचन आपण देऊन बसलो आहोत, असे सांगून त्याने नकार दिला. ही हकीकत स्टॉलमन यांनी आपल्या भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. अडकलेला कागद ही क्षुल्लक बाब. परंतु दुरुस्ती करण्याची अक्कल आपल्याजवळ आहे, इच्छा आहे, आणि तरी शेजाऱ्याने शेजाऱ्याला मदत करू नये असा करार मध्ये उभा आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केले की संगणक चालवणारी एक संपूर्ण प्रणाली आपण नव्याने लिहिणार आणि ती सर्वांना मोकळी ठेवणार. तिचे नाव 'ग्नू'. १९८४ च्या जानेवारीत त्यांनी नोकरी सोडली. आपल्या लेखनावर संस्थेला हक्क सांगता येऊ नये, हा त्यात हेतू होता. १९८५ साली त्यांनी मुक्त आज्ञावलीसाठी एक प्रतिष्ठान स्थापले. मुक्त म्हणजे काय, तर वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक: आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवणे, ती कशी चालते हे पाहून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपली सुधारलेली प्रतही इतरांना देणे. या चारांत 'फुकट' हा शब्द कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. स्वतः स्टॉलमन त्या दिवसांत आपल्या 'ईमॅक्स' या आज्ञावलीची फीत दीडशे डॉलरांना विकत! घेणाऱ्याने मग ती दहा जणांना वाटली तरी त्यांची हरकत नसे.

या चळवळीतील सर्वांत कल्पक वस्तू कोणती म्हणाल, तर ती यंत्रातली नाही, कायद्यातली आहे. नुसती मोकळी सोडलेली वस्तू कोणीही उचलून आपल्या कुंपणात घालू शकतो. म्हणून १९८९ साली एक परवाना तयार झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला जीपीएल म्हणतात. ज्या कायद्याने कुंपण घालता येते तोच कायदा तेथे उलटा फिरवला आहे. लेखक म्हणतो, हे लेखन माझ्या मालकीचे आहे, आणि मालक या नात्याने माझी अट अशी की जो हे बदलून दुसऱ्याला देईल त्याने संहितेसकट आणि याच मोकळिकीसकट द्यावे. भाजणीचा कागद न्या, त्यात ओव्याची भर घाला, चकल्या विकून चार पैसेही मिळवा. मात्र चकली दिलीत तर कागदही द्या.

१९९१ पर्यंत ग्नूची बहुतेक अवजारे तयार झाली होती. जे सर्वांना एकत्र चालवते ते हृदय तेवढे व्हायचे होते. ते आले अनपेक्षित दिशेने. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की आपण घरच्या संगणकासाठी एक प्रणाली लिहीत आहोत. हा केवळ छंद आहे, ग्नूसारखे मोठे काही होणार नाही. १९९२ साली त्याने ते काम जीपीएल परवान्याखाली आणले आणि लिनक्सची वाढ वडाच्या झाडासारखी झाली. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तीतील एकूण एक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आहे. वाचकांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्याही बुडाशी तेच लिनक्स आहे. त्यावरचे मजले मात्र एका बड्या कंपनीने बांधलेले आहेत; तेव्हा पाया मुक्त म्हणून घर मुक्त, असे समजण्याचे कारण नाही.

*

महासंगणकाशी आपल्याला काय कर्तव्य? घरात पत्र लिहायचे असते, जमाखर्चाचा तक्ता करायचा असतो, गाणे ऐकायचे असते. या घरगुती कामांच्या मुक्त आज्ञावल्यांचा इतिहासही कमी मौजेचा नाही.

१९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतर फेब्रुवारीत काही मंडळींनी 'फ्री' या शब्दाचा घोटाळा टाळण्यासाठी 'ओपन सोर्स' हे नवे नाव काढले. ते क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी सुचवले. स्टॉलमन यांना ते अद्याप पटलेले नाही, कारण त्यात संहितेचा खुलेपणा येतो, माणसाचे स्वातंत्र्य येत नाही. मराठी माणसाने या भांडणात पडण्याचे कारण नाही. 'मुक्त' म्हटले की दोन्ही साधते. नेटस्केपच्या त्या संहितेतून पुढे ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स हा ब्राउझर बाहेर पडला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हाती घेतलेल्या उपक्रमातून, आज घरोघरी चित्रपट दाखवणारा व्हीएलसी जन्मला. नारिंगी शंकूचे त्याचे चिन्ह मुलांनाही ओळखता येते.

परंतु मला सर्वांत बोधप्रद वाटते ती लिबरऑफिसची कहाणी. जर्मनीतील ल्युनेबुर्ग गावात मार्को बोरीस या पोरवयाच्या मुलाने १९८५ साली एक कंपनी काढली. तिचे 'स्टारऑफिस' हे लेखन व हिशेबाचे साधन पुढे नावारूपाला आले. १९९९ साली अमेरिकेच्या सन कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी त्या साधनाची संहिता 'ओपनऑफिस' या नावाने खुली केली. २०१० च्या जानेवारीत ओरॅकल कंपनीने सन कंपनीच गिळली. नव्या मालकाचा रंग काय दिसतो, याबद्दल काम करणाऱ्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली. विकतच्या आज्ञावलीच्या बाबतीत येथे कथा संपली असती. मालकाच्या मनात आले की दुकान बंद. गिऱ्हाइकांनी हात चोळीत बसावे. येथे तसे झाले नाही. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांतील पुष्कळ मंडळींनी संहिता बरोबर घेऊन वेगळी चूल मांडली आणि तिचे नाव ठेवले लिबरऑफिस. आज जे अंग धरून चालू आहे ते हेच घर. मागे राहिलेले ओपनऑफिस जेमतेम तग धरून आहे.

एकत्र कुटुंबातून वेगळी चूल मांडणे हे आपल्याकडे फारसे चांगले समजत नाहीत. येथे मात्र वेगळे निघण्याचा हा हक्कच सर्वांना सांभाळून धरतो. भावांपैकी कोणालाही भांडीकुंडी घेऊन निघता येते, हे ठाऊक असले की थोरल्या भावाची वागणूक आपोआप सुधारते.

*

आता इतिहासाच्या अभ्यासकाचे गाऱ्हाणे सांगतो.

१९९० नंतरच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला. त्या काळच्या मराठी टंकांची रीत अशी होती की संगणकाच्या दृष्टीने जागा रोमन अक्षराची. तेथे आकार तेवढा देवनागरी अक्षराचा ठेवलेला. कोणत्या जागी कोणते अक्षर ठेवायचे, हे जो तो टंक विकणारा आपल्या मर्जीने ठरवी. त्यामुळे पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी दिसे; पण तो विशिष्ट टंक गेला की मजकुराचा अर्थही गेला.

माझ्या दप्तरात अशी एक तबकडी होती. तीत एका वृद्ध मोडीवाचकाच्या आठवणी होत्या. मी त्यांच्यासमोर बसून उतरवून घेतलेल्या आणि मग एका दुकानात जुळवून घेतलेल्या. त्या छापल्या गेल्या नाहीत. मूळ हस्तलिखिताला वाळवी लागली. ते गृहस्थ तर केव्हाच निवर्तले. काही वर्षांनी मी ती तबकडी उघडवली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. तो टंक विकणारा व्यवसाय बंद झाला होता. कायद्याने कोणी काही गैर केले नव्हते, आणि तरीही एका माणसाच्या आयुष्यभराची जाण कुलपात पडली होती.

मोडीची आठवण येथे सहजच होते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे डोंगर आहेत, गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडून ४५ खंड छापले, तरी उरलेले अफाट. ते कागद वाचणारे आज थोडे, हे दुःख आहेच. परंतु मोडीला मालक नाही. तुम्ही-आम्ही चार महिने घासून ती शिकावी, कोणाची परवानगी लागत नाही. त्या टंकांची गोष्ट अशी की ती जणू मालकाची खाजगी लिपी होती. मालक गेला आणि जाताना किल्ली घेऊन गेला.

माझी तबकडी शेवटी बहुतांशी सुटली, ती एका मुक्त आज्ञावलीमुळेच. जुन्या टंकांतील मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीत आणणारे असे एक साधन माझ्या एका तरुण स्नेह्याला मिळाले. त्यात आमच्या टंकाची सोय नव्हती. परंतु संहिता खुली असल्यामुळे त्याने एकेक अक्षर ताडून तो नकाशा स्वतः तयार केला आणि त्यात भरला. काही जोडाक्षरे अजून संशयित आहेत. पण ते म्हातारबुवा पुन्हा बोलू लागले! मुख्य म्हणजे तो नकाशा त्याने त्या साधनाच्या कर्त्यांकडे पाठवून दिला. दुसऱ्या कोणाच्या दप्तरात तसली तबकडी असेल तर तीही उघडेल.

सुदैवाने पुढची वाट बरी आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पुढे २०१४ साली मोडीलाही मिळाली. 'लोहित' हा देवनागरी टंक २००४ साली मुक्त परवान्याखाली आला. मुंबईच्या 'एक टाइप' या टंककारांनी 'मुक्ता' आणि 'बालू' हे सुबक टंक तशाच मोकळिकीने दिले. पवईच्या आयआयटीने मुक्त आज्ञावल्या शिकवणारे छोटे बोलके पाठ तयार केले. त्यांत मराठीही आहे. केरळात तर शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवरच चालते. भारत सरकारनेही २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त आज्ञावलीला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले.

*

एवढे सांगून मी थांबलो तर हा लेख इतिहासाचा न राहता कीर्तनाचा होईल. मुक्त आज्ञावलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

संहिता सर्वांना वाचायला मोकळी आहे, याचा अर्थ ती कोणी वाचतेच असा नाही. २०१४ च्या एप्रिलात असे आढळले की, जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या मुक्त आज्ञावलीवर आपली गुपिते सोपवीत होती, त्या ओपनएसएसएलमध्ये दोन वर्षे एक भगदाड होते. सांभाळणारे हात बोटांवर मोजण्याइतके. वापरणाऱ्या कंपन्या गडगंज. गेट्सने १९७६ साली विचारलेला प्रश्न असा आडवळणाने परत आला. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना आज मोठमोठ्या कंपन्या पगार देतात, हे खरे. पण कोपऱ्यातल्या लहानसहान आज्ञावल्या अजूनही कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर चालतात. २०२४ च्या मार्चात तर अशाच एका, एक्सझी नावाच्या आज्ञावलीत कोणी विश्वास संपादन करून मुद्दाम चोरदरवाजा ठेवलेला सापडला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपले काम नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते असे दिसले आणि त्याने खोदून पाहिले. संहिता बंद असती तर त्याला खोदता आले नसते; पण त्याने खोदलेच नसते तर खुलेपणाचा काय उपयोग?

आपल्याकडे ज्ञानेश्वरीची पोथी तीनशे वर्षे घरोघरी नकलली गेली. नकलायला मोकळी होती म्हणून ती टिकली, आणि नकलायला मोकळी होती म्हणूनच तीत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध करून दिली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. ग्रंथ मोकळा हवा, पण मोकळ्या ग्रंथाला एकनाथही हवा. मुक्त आज्ञावली निवडताना तिच्यामागे असे जागते माणूस आहे का, तिची दुरुस्ती अलीकडे केव्हा झाली, हे अवश्य पाहावे.

घरी हा बदल कसा करावा, याचेही उत्तर इतिहासातच आहे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सवर जाण्याचे ठरवले. दहा वर्षे खपून सुमारे १५ हजार संगणक पालटले. आणि नवे महापौर आल्यावर, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बाहेरच्यांशी कागदपत्रांची देवघेव करताना येणाऱ्या अडचणी पुढे करून, २०१७ साली परत फिरण्याचा ठराव झाला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलाने क्रम निराळा धरला. त्यांनी २००५ च्या सुमारास पत्रे लिहिण्याचे साधन बदलले, मग ब्राउझर बदलला; हात वळले, माणसे रुळली, आणि २००८ पासून मूळ प्रणाली पालटायला घेतली. त्यांना परत फिरावे लागले नाही. सून घरात आल्या दिवशीच तिने सारे स्वयंपाकघर उलटेपालटे केले तर काय होते, हे मी सांगायला नको!

आम्ही घरी जांदार्मरीचाच क्रम ठेवला. आधी विंडोजवरच लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी घेतले. ते तेथे सुखाने चालतात. पुढे लिनक्स आणले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढची आवृत्ती कित्येक धडधाकट यंत्रांना पायरी चढू देत नाही. अशा यंत्रांना भंगारात घालण्यापूर्वी लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. मूळ काही न पुसता ते पाहता येते. मात्र काही छपाईयंत्रे, काही सरकारी अर्जांची साधने आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या काही आज्ञावल्या तेथे रुसून बसतात. ज्यांचे पोट त्यांवर आहे त्यांनी घाई करू नये. प्रणाली कोणतीही ठेवा; आपले लेखन तेवढे युनिकोड मराठीत आणि खुल्या स्वरूपात ठेवा. लिबरऑफिसचे ओडीएफ हे स्वरूप २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते कसे उलगडायचे हे जगजाहीर असल्यामुळे त्याची किल्ली कोणालाही घडवता येते. आणि जे वापराल त्याच्या कर्त्यांना वर्षाकाठी मिठाईच्या एका पेटीइतके तरी पैसे पाठवा. पैसे नसतील तर एखादे चुकलेले मराठी भाषांतर दुरुस्त करून कळवा. फुकट नव्हे, मुक्त, असे आपण म्हणतो ना? मग त्याची किंमत आपल्या राजीखुषीने मोजायला नको का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे चोपड्या पुजतात. अलीकडे त्यांच्या शेजारी संगणकही मांडतात, आणि त्याच्यावरही हळदकुंकू पडते. यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. चोपडीच्या पूजेत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे ही वही आपली आहे, उद्या आपली मुले ती उघडतील आणि आपण कोणाचे काय देणे लागतो हे वाचतील. संगणकाच्या वहीबद्दल तीच खात्री देता यावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.